फिनिक्स भरताना घरटं आधी

कापड ताणण्याआधी, धाग्यांच्या लडी काढण्याआधी एक गोष्ट ठरवून घ्या. तुमचा फिनिक्स कोणत्या क्षणाचा आहे? जळतानाचा, राखेतला, की उठून उभा राहिलेला? ईस्टरसाठी स्टोल किंवा वेदीवस्त्र भरायला घेणाऱ्यांच्या पहिल्या खाक्यात मला बहुतेक वेळा एकच चित्र दिसतं: खाली केशरी-लाल ज्वाळांचा डोंब आणि वर पंख पसरलेला गरुडासारखा पक्षी. 'फिनिक्ससारखी राखेतून भरारी' हे आपण मराठीत इतक्यांदा वाचलंय की आग आणि भरारी यांच्यापलीकडे या पक्ष्याचं काही आठवतच नाही. माझा पहिला फिनिक्सही असाच होता. वेदीसमोर वस्त्र लावलं तेव्हा मागच्या बाकांवरून फक्त ज्वाळा दिसत होत्या. पक्षी जळतोय हे कळत होतं, उठलाय हे कळत नव्हतं. पुनरुत्थानाच्या रविवारी ते पाहून मला फार वाईट वाटलं. पुढच्या वर्षी नवं कापड घेतलं आणि घरट्यापासून सुरुवात केली. तेव्हापासून मी दर वेळी घरटंच आधी भरते आणि तुम्हालाही तेच सांगणार आहे.

कारण ख्रिस्ती परंपरेत हा पक्षी आला तोच घरट्यासकट. पहिल्या शतकाच्या शेवटी, इ.स. ९६च्या सुमारास, रोमच्या मंडळीकडून करिंथच्या मंडळीला एक पत्र गेलं. रोमचे बिशप क्लेमेंट यांच्या नावाने ते ओळखलं जातं. त्याच्या २५व्या अध्यायात हा पक्षी येतो. अरबस्तानात राहणारा, आपल्या जातीचा एकुलता एक, पाचशे वर्षं जगणारा. मरणवेळ जवळ आली की तो ऊद, गंधरस आणि इतर सुगंधी द्रव्यांचं घरटं बांधतो, त्यात शिरतो आणि मरतो. कुजणाऱ्या देहातून एक अळी निघते, तिला पिसं फुटतात. बळ आलं की नवा पक्षी जुन्या पक्ष्याची हाडं असलेलं ते घरटं उचलून इजिप्तमधल्या हेलिओपोलिसला नेतो आणि सूर्याच्या वेदीवर ठेवतो. या सगळ्या वर्णनात आग कुठेच नाही. आदल्याच अध्यायात क्लेमेंट रात्र-दिवसाचं आणि मातीत पडलेल्या बियाण्याचं उदाहरण देतात, आणि त्याच ओघात हा पक्षी येतो. सृष्टीतच पुनरुत्थानाच्या खुणा आहेत, असं त्यांना सांगायचं होतं.

आग आपल्याला ठळकपणे भेटते ती 'फिजिओलोगस' या सुरुवातीच्या शतकांतल्या ग्रीक प्राणिकथासंग्रहात. तिथे पक्षी पंखांत सुगंधी द्रव्यं भरून हेलिओपोलिसच्या वेदीवर येतो आणि स्वतःला जाळून घेतो. दुसऱ्या दिवशी पुजाऱ्याला राखेत अळी दिसते, पुढे पिल्लू, आणि तिसऱ्या दिवशी पूर्ण वाढलेला पक्षी. तिसरा दिवस कशासाठी, हे ख्रिस्ती वाचकाला वेगळं सांगायला नको. म्हणजे आग परंपरेत आहेच. ती भरू नका असं मी म्हणत नाही. पण ती पक्ष्याला गिळेल इतकी नको. दोन्ही कथांत समान आहेत ती सुगंधी द्रव्यं, आणि भरतकामात खरी गंमतही त्यांच्या घरट्यातच आहे.

आता योहानाच्या शुभवर्तमानाचा १९वा अध्याय आठवा. निकदेम गंधरस आणि अगरूचं मिश्रण घेऊन येतो आणि प्रभूचं शरीर सुगंधी द्रव्यांसह तागाच्या वस्त्रांत गुंडाळलं जातं. मार्क आणि लूक सांगतात की त्या पहाटे स्त्रिया सुगंधी द्रव्यं घेऊन कबरेकडे निघाल्या होत्या. ती वापरायची वेळच आली नाही. पक्षी उठून गेल्यावर मागे राहिलेलं ऊद-गंधरसाचं घरटं आणि ती रिकामी कबर! क्लेमेंट हे दोन धागे जोडून दाखवत नाहीत, पण हातात सुई घेऊन घरटं भरणारीला ते दिसल्यावाचून राहत नाहीत.

कुठे भरायचं, कुठे नाही

आधी तुमच्या धर्मगुरूंशी बोला. फिनिक्स ही ईस्टरकाळाची खूण आहे, म्हणून कॅथलिक उपासनेत तो पांढऱ्या किंवा सोनेरी वस्त्रावर शोभतो. जांभळा प्रायश्चित्तकाळाचा, आणि लाल झावळ्यांचा रविवार, शुभ शुक्रवार व पेंटेकॉस्टचा. लाल वस्त्रावर ज्वाळांचा पक्षी भरला तर लोकांना पवित्र आत्म्याच्या अग्नीची आठवण होईल, पुनरुत्थानाची नाही. प्रोटेस्टंट मंडळ्यांत पुलपिटवरून खाली सोडायच्या पट्टीवर हा पक्षी छान बसतो. लांबट जागा असल्यामुळे त्याच्या शेपटीला वाव मिळतो.

एका जागी मात्र तो कधीच भरू नका. मिस्साबलिदानात वेदीवर पसरतात ते कॉर्पोरल नावाचं चौकोनी तागाचं वस्त्र साधंच ठेवतात, फार तर एखादा लहानसा क्रूस. ख्रिस्तप्रसादाचे सूक्ष्म कण त्यावर पडू शकतात आणि ते उठावदार टाक्यांत अडकता कामा नयेत. प्याला पुसायच्या वस्त्राचंही तेच. वेदीवस्त्रावर भरायचं असेल तर वरच्या सपाट भागावर नको, समोर लोंबणाऱ्या भागावर भरा.

नवशिक्या हाताला स्टोलची टोकं सगळ्यांत सोयीची. पट्टी साधारण १० ते १२ सेंटिमीटर रुंद असते, म्हणजे नक्षी ८ सेंटिमीटर रुंद आणि १४ सेंटिमीटर उंच धरली की कडेला मोकळी जागा राहते. दोन्ही टोकांवर एकच पक्षी समोरासमोर तोंड करून भरायची पद्धत आहे. मला ती पटत नाही. कथेतला पक्षी एकच आहे, जगात त्याचा जोडीदार नाही, आणि त्याच्या अर्थाचं अर्धं बळ त्या एकटेपणात आहे. एका टोकावर रिकामं घरटं आणि दुसऱ्या टोकावर खजुरीच्या शेंड्यावर उभा पक्षी भरून पाहा. धर्मगुरू समोर वळले की लोकांना एकाच वेळी दोन्ही दिसतं.

एकट्या पक्ष्याला वेळही कमी लागत नाही. अशा एका टोकाला माझ्या हाताला ५० तास तरी लागतात. राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या रविवारपर्यंत रविवार धरून ४६ दिवस असतात, आणि त्यात घरची कामं, क्रूसाची वाट, मुलांच्या परीक्षा. नाताळ संपला की कापड ताणा.

पक्षी ओळखू यायला हवा

आपल्याकडे ही मोठी अडचण आहे. लांब शेपटीचा, निळ्या छटेचा पक्षी भरला की पाहणारा त्याला मोर म्हणतो. मोरही जुनं ख्रिस्ती चिन्ह आहे. रोमच्या भूमिगत दफनगृहांत तो दिसतो, आणि मोराचं मांस कुजत नाही असा समज संत ऑगस्टीन यांनी लिहून ठेवलाय. पण ते चिन्ह वेगळं. छातीत चोच खुपसून पिल्लांना रक्त पाजणारा पेलिकन हे तिसरंच चिन्ह, ख्रिस्ताच्या बलिदानाचं आणि ख्रिस्तप्रसादाचं. पेलिकनशी आपल्या भूमीचं नातं जवळचं आहे. जुन्या गोव्यातल्या सांता मोनिका कॉन्व्हेंटमधल्या ख्रिस्ती कला संग्रहालयात ख्रिस्तप्रसाद ठेवण्याचं चांदीचं पात्र पेलिकनच्या रूपात घडवलेलं आहे, आणि पोर्तुगीजांसाठी बंगालमध्ये टसर रेशमाने साखळी टाक्यात भरलेल्या जुन्या पलंगपोसांवरही तो येतो. गोव्याला गेलात तर ते संग्रहालय पाहाच. पूर्वीच्या हातांनी भरलेली उपासनेची वस्त्रंही तिथे आहेत. पण मनात पेलिकन असेल तर पेलिकनच भरा. फिनिक्सच्या घरट्यात पिल्लं बसवू नका. त्याला पिल्लं नसतात.

बाजारात आणि मोबाइलवर 'फिनिक्स' म्हणून मिळणारे बरेच खाके चिनी फेंगह्वांग पक्ष्याचे असतात. कोंबड्यासारखी मान, कुरळ्या पट्ट्यांची शेपटी, बाजूला पिओनीची फुलं. तो वेगळ्या संस्कृतीतला, सम्राज्ञीचं चिन्ह असलेला पक्षी आहे, आणि इंग्रजीने त्यालाही फिनिक्स हेच नाव दिल्यामुळे हा घोटाळा झालाय. सुंदर आहे म्हणून तो वेदीवर आणू नका.

मग आपला पक्षी दिसतो कसा? रोममधल्या संत कोस्मा आणि दामियान यांच्या चर्चच्या घुमटीत पोप चौथे फेलिक्स यांच्या काळातलं, म्हणजे ५२६ ते ५३० या वर्षांतलं मोझेक आहे. मधोमध ढगांवरून येणारा ख्रिस्त, आणि कडेच्या खजुरीवर एक लहानसा पक्षी, डोक्याभोवती तेज. ना ज्वाळा, ना पसरलेले पंख. नवव्या शतकात संत प्रासेदे यांच्या चर्चमध्ये तीच मांडणी पुन्हा आली. अंतियोखियाजवळच्या दाफ्ने इथे सापडलेलं एक मोठं मोझेक आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. त्यात हा पक्षी छोट्या खडकावर उभा आहे, डोक्यातून किरण निघतायत आणि सभोवार गुलाबकळ्या विखुरल्या आहेत. भरतकामासाठी याहून चांगला नमुना मला माहीत नाही. पक्षी शांत, पार्श्वभूमी मोकळी, आणि त्या कळ्या तर जणू सुईसाठीच काढलेल्या.

उंच पाय, बारीक सरळ मान, मिटलेले किंवा किंचित उचललेले पंख आणि डोक्याभोवती पाच किंवा सात किरण ही खरी ओळख. किरण सुटे ठेवा, त्यांचं वर्तुळ करू नका. वर्तुळ आलं की लोकांना कबुतर, म्हणजे पवित्र आत्मा वाटतो. आणि वर्तुळात क्रूस असलेलं तेजोवलय तर ख्रिस्ती चित्रकलेत त्रैक्यातल्या व्यक्तींसाठीच राखलेलं आहे.

खजुरीचं कारणही सांगून टाकते. ग्रीक भाषेत खजुरीला आणि या पक्ष्याला एकच शब्द आहे. स्तोत्र ९२मध्ये नीतिमान माणूस खजुरीसारखा बहरेल असं वचन आहे. दुसऱ्या-तिसऱ्या शतकातले लेखक तेर्तुलियन यांनी तिथे पक्षी वाचला आणि पुनरुत्थानाच्या बाजूने पुरावा म्हणून मांडला. म्हणून रोमच्या कारागिरांनी पक्षी खजुरीवर बसवला की पाहणाऱ्याला दोन्ही अर्थ मिळायचे. आपण किनारपट्टीची माणसं खजूर काढायला बसलो की हात नारळाकडे वळतो. घराजवळची शिंदी पाहा. ती खजुरीचीच सख्खी बहीण. ताठ, टोकदार, पिसासारखी पानं, आणि खोडावर गळून गेलेल्या झावळ्यांचे खवले. पानांना फ्लाय टाका द्या, खोडाला खालून वर जाणाऱ्या आडव्या टाक्यांच्या रांगा.

घरटं

स्वयंपाकघरातून दालचिनीचे दोन तुकडे आणा आणि पूजासाहित्याच्या दुकानातून थोडा ऊद. गंधरस मिळाला तर उत्तमच. हे समोर वाटीत ठेवून भरायला बसा. दालचिनीची साल दोन्ही कडांनी आत वळलेली असते, बाहेर फिकी आणि घडीत गडद. ऊद म्हणजे झाडाच्या सालीवर घट्ट झालेले चिकाचे थेंब, फिकट पिवळे, धुकट. गंधरसाचे खडे तांबूस तपकिरी. रोमन कवी ओविड यानेही या घरट्यात दालचिनी आणि गंधरस सांगितलाय, त्यामुळे आपण कथेच्या बाहेर जात नाही.

काड्यांसाठी बुलियन टाका घ्या. सुईवर दोऱ्याचे दहा-बारा वेढे घेऊन ती हळूच ओढली की गुंडाळलेल्या सालीसारखी गोल काडी तयार होते. एका काडीला एकच रंग नको. दोन पदरांपैकी एक फिका तपकिरी, एक गडद घेतला की सालीची वळणं आपोआप दिसतात. काड्या समांतर रचू नका. एकीवर एक, तिरक्या, काही बाहेर डोकावणाऱ्या. त्यांच्या खाली आधी दांडी टाक्यात चार-पाच वाकड्या फांद्या घाला, म्हणजे घरट्याला आकार येतो आणि मधली पोकळी उठते. ती पोकळी भरायची नाही. कापड तसंच पांढरं राहू द्या. अंधार दाखवायला काळा दोरा घालायचा मोह होतो, मलाही झाला होता. पण त्या पहाटेची कबर अंधारी नव्हती.

उदाचे थेंब म्हणजे गाठीचा टाका. फिक्या पिवळ्याच्या दोन छटा, एकेरी पदर, गाठी वेगवेगळ्या आकाराच्या: काही एका वेढ्याच्या, काही तीन. गंधरसासाठी तांबूस तपकिरी गाठी काड्यांच्या बेचक्यांत दाबून बसवा. आग हवीच असेल तर ती इथे, घरट्याच्या बुडाशी: पाच-सहा बारीक जिभा, फिक्या केशरी रंगाच्या, एकेरी पदराच्या सॅटिन टाक्यात, घरट्याच्या उंचीच्या निम्म्यावर न जाणाऱ्या. लाल नको. लाल रंग पक्ष्यासाठी राखून ठेवायचाय.

घरटं पूर्ण झालं की भिंतीला लावून दहा पावलं मागे जा. ते घरटं वाटतंय की काड्यांचा ढीग, हे जवळून कधीच कळत नाही. मोबाइलवर फोटो काढून तो कृष्णधवल करून पाहिला तर फिकं-गडद कुठे सपाट झालंय ते लगेच दिसतं.

कापड, खाका, ताण

हे खरं तर आधी यायला हवं होतं, पण घरट्याचं बोलल्याशिवाय मला राहवलं नाही. पांढरं रेशीम घेत असाल तर त्याच्या पाठीला मांजरपाट जोडा. मांजरपाट आधी धुवून, आटवून, इस्त्री करून घ्या. नाहीतर पुढे कधी दमट हवेत तो आकसतो आणि रेशमाला सुरकुत्या पडतात. रेशमावर रिंगचा वळ उठतो आणि तो जाता जात नाही. म्हणून चारी बाजूंनी शिवून ताणायची लाकडी चौकट, जरदोजीवाल्यांचा लहान अड्डा, सगळ्यांत चांगला. रिंगच वापरायची असेल तर तिला सुती पट्टी गुंडाळा, नक्षी पूर्ण मावेल एवढी मोठी घ्या आणि रोज काम झालं की सैल करा.

खाका ट्रेसिंग पेपरवर काढून सुईने टोचून घ्या. भरतकामाच्या कारखान्यांत टोचलेल्या कागदावरून रॉकेलमध्ये कालवलेली पूड फिरवतात. पांढऱ्या रेशमावर ते करू नका, डाग राहतात. कोळशाची अगदी बारीक पूड फडक्याच्या पुरचुंडीत घेऊन हलक्या हाताने फिरवा, कागद उचला, आणि ठिपके अणकुचीदार पेन्सिलीने जेमतेम दिसतील असे जोडा. उरलेली पूड मऊ ब्रशने झटका. फुंकर मारू नका, ती पसरते.

पिसं

रंग कुठले? ग्रीक इतिहासकार हिरोडोटस या पक्ष्याची पिसं काही लाल, काही सोनेरी सांगतो आणि आकार गरुडाएवढा. हे आपण चित्रातच पाहिलंय, अशी प्रामाणिक कबुलीही देतो. रोमन लेखक प्लिनी याचं वर्णन अधिक नेमकं आहे: मानेभोवती सोनं, बाकी अंग जांभळट लाल, निळ्या शेपटीत गुलाबी पिसं, डोक्यावर तुरा. मी प्लिनीच्या मागे जाते, फक्त शेपटीतली निळाई कमी करते, मोर होऊ नये म्हणून. गडद डाळिंबीपासून फिक्या गुलाबीपर्यंत पाच छटा, शेपटीसाठी राखी निळ्याच्या दोन, चोच-पायांसाठी एक मातकट पिवळा. एवढं पुरतं. रेशमी दोरा असेल तर छान, नाहीतर सहापदरी सुती लडीतला एकच पदर. दोन पदरांनी भरलेली पिसं जाड आणि मेणचट दिसतात. एका पदराला १० नंबरची सुई घ्या.

कौलं घालताना जशी पन्हाळीकडून सुरुवात करून वर जातात, तशी पिसं शेपटीच्या टोकाकडून मानेकडे भरत जा. वरचं पीस खालच्यावर चढायला हवं. टाका मात्र नेहमी पीस ज्या दिशेने वाढतं त्या दिशेचाच, चोचीकडून मागे वळणारा. भरायच्या आधी पेन्सिलीने प्रत्येक भागात दिशेच्या बारीक रेघा मारून ठेवा. टाक्याची दिशा बिघडली तर रंग कितीही सुंदर असोत, पक्षी सोललेला दिसतो.

अंगासाठी लांब-आखूड टाका. पहिल्या ओळीच्या बाहेरच्या कडेवर आधी स्प्लिट टाक्याची रेघ घालून घ्या. तिच्यावरून टाके उतरवले की कड सुरीने कापल्यासारखी येते. पुढच्या प्रत्येक ओळीत सुई आधीच्या टाक्यांच्या पोटातून, दोरा दुभंगत वर काढा. दोन टाक्यांच्या मधून काढली तर भेग राहते. छातीवर टाका आठ-दहा मिलिमीटरचा चालतो, मानेवर पाच, डोक्यावर तीन. शेपटीच्या लांब पिसांना मध्ये दांडी टाक्याची बारीक शीर घाला आणि दोन्ही बाजूंना टोकाकडे झुकणारे तिरपे टाके द्या. एखाद-दुसऱ्या पिसात मुद्दाम फट ठेवा. खऱ्या पक्ष्याची पिसंही कुठे ना कुठे विस्कटलेली असतात.

डोकं भरताना इंग्लंडच्या मध्ययुगीन कारागिरांकडून शिकावं. तेराव्या-चौदाव्या शतकात तिथल्या चर्चवस्त्रांची ख्याती एवढी होती की १२९५ सालच्या पोपच्या खजिन्याच्या यादीत इंग्लिश भरतकामाचे शंभराहून जास्त नग आहेत. चेहरे ते अगदी बारीक स्प्लिट टाक्यात भरत, गालाच्या मध्यापासून सुरू करून गोगलगाईच्या शंखासारखं फिरत बाहेर. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातल्या चौदाव्या शतकाच्या सुरुवातीच्या सायन कोप या चर्चवस्त्रावर ते पाहायला मिळतं. पक्ष्याच्या डोळ्याभोवतीही तसंच फिरा. प्रकाश त्या वळणावर वेगवेगळा पडतो आणि डोकं गोल होतं, छटा न बदलता.

भरणारीला बळ देणारी एक गोष्ट अशी की हा पक्षी कैदेतही भरला गेलाय. स्कॉटलंडची राणी मेरी १५६८पासून इंग्लंडमध्ये नजरकैदेत होती. १५८७ साली तिचा शिरच्छेद झाला. मधली सगळी वर्षं ती भरतकाम करत राहिली. फिनिक्स हे तिच्या आईचं चिन्ह. आपल्या शेवटातच आपली सुरुवात आहे, या अर्थाच्या आईच्या बोधवाक्यासह मेरीने ते आपलं मानलं. धर्मासाठी आपण मरतोय अशी श्रद्धा असलेल्या त्या बाईच्या हातात हा पक्षी किती जड झाला असेल, हे कधी कधी शेपटी भरताना मनात येतं.

जर

रेशीम पूर्ण झाल्याशिवाय जरीला हात लावायचा नाही. जर एकदा बसली की तिच्यावर हात टेकवता येत नाही, इस्त्री तर मुळीच नाही. म्हणून पिसं संपली की काम उलटं करून जाड टॉवेलवर ठेवा आणि मागून हलकी इस्त्री फिरवा. हीच शेवटची संधी.

जर घेताना दुकानात स्पष्ट विचारा. चांदीवर सोन्याचा मुलामा असलेली खरी, तांब्यावर चढवलेली टेस्टेड आणि प्लास्टिकची, असे तीन प्रकार मिळतात. टेस्टेड सुरुवातीला खरीसारखीच दिसते. एकदा एका दुकानाच्या भरवशावर मी ती घेतली आणि दोन पावसाळ्यांत किरण काळवंडले. पैसे बेताचे असतील तर प्लास्टिकची घ्या. ती काळी पडत नाही. खरी परवडत असेल तर सगळी ताकद किरण आणि मान यांवर लावा, बाकी ठिकाणी जर नकोच. वेदीजवळ मेणबत्तीचा उजेड असतो, थोडं सोनंही पुष्कळ बोलतं.

किरणांसाठी जरीचे दोन दोर शेजारी ठेवून मेण लावलेल्या बारीक पिवळ्या दोऱ्याने तीन-चार मिलिमीटरवर आडवे पकडत जा. हाच काउचिंग टाका. पुढच्या जोडीचे पकडटाके आधीच्यांच्या मधोमध यावेत, विटांसारखे. टोकं वर कापू नका. मोठ्या भोकाच्या सुईने पाठीमागे ओढून तिथे शिवून टाका. मानेला उठाव हवा असेल तर आधी पिवळी फेल्ट दोन-तीन थरांत शिवा, सर्वांत लहान तुकडा तळाशी आणि सर्वांत मोठा वर, म्हणजे कडा उतरत्या येतात. तिच्यावर दबक्याचे, म्हणजे पोकळ जरतारेचे, तीन-चार मिलिमीटरचे तुकडे मण्यांसारखे सुईत ओवून खवल्यांसारखे बसवा. दबका मखमलीच्या तुकड्यावर ठेवून कापा, नाहीतर उडून जातो. लकाकी हवी तिथे मध्ये नक्षी नावाच्या जरतारेचा एखादा तुकडा. हात कोरडे हवेत. घामट हाताला किंचित टाल्कम लावा, क्रीम कधीच नको.

आता डोळा. तो मी सगळ्यांत शेवटी भरते, किरणांच्याही नंतर, कारण पक्षी कुठे पाहतोय ते किरण बसल्यावरच ठरवता येतं. काळा नको, अगदी गडद तपकिरी घ्या. बाहुली किंचित वर आणि पुढे, घरट्याकडे वळलेली नको. मग पांढऱ्या एकेरी पदराचा एकच ठिपका, वरच्या बाजूला. तो ठिपका पडेपर्यंत समोर नुसतं भरतकाम असतं.

अस्तर लावून झालं की वस्त्र घडी घालून ठेवू नका. स्वच्छ मलमलीत, भरलेली बाजू बाहेर ठेवून, जाड नळीवर गुंडाळा. डांबराच्या गोळ्या जरीजवळ नकोत. किनारपट्टीच्या हवेत कपाटात सिलिका जेलची पुडी ठेवा आणि पावसाळा सरला की एक दिवस सावलीत उघडं करून ठेवा, उन्हात नाही. धुवायचं तर कधीच नाही. आणि एका कापडी पिशवीत प्रत्येक छटेचा हातभर दोरा, जरीचा वीतभर तुकडा, लडींचे नंबर आणि भरल्याचं साल लिहिलेली चिठ्ठी घालून ती पिशवी वस्त्राबरोबरच चर्चमध्ये द्या. वीस-तीस वर्षांनी एखादं पीस उसवेल, तेव्हा दुरुस्तीला बसणाऱ्या मुलीला तोच डाळिंबी रंग हाताशी लागेल.